एका घासाला एक मिनिट

लातूरकडच्या एका लग्नात शेजारच्या पाटावरच्या काकूंनी पाच-सहा घासांतच हात आखडला. वाढपी जिलबी घेऊन उभाच. "त्यांच्या जठराला पट्टा बसवलाय, जागाच उरली नाही," असं मागून कुणी म्हणालं. हा गैरसमज फार पक्का आहे.

वजन उतरवण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचा हा पट्टा म्हणजे सिलिकॉनची कडी. अन्ननलिका जठराला मिळते, तिथून जरा खाली ती बसवतात. तिच्या आतल्या फुग्यापासून एक नळी पोटाच्या कातडीखालच्या, नाण्याएवढ्या डबीपर्यंत येते. डबीत सुईने सलाईन भरलं की कडी आवळते, काढलं की सैल होते. शल्यचिकित्सक लुबोमिर कुझमाक यांनी अशी कडी १९८६ साली वापरली. १९९३ मध्ये शल्यचिकित्सक मितिकू बेलाच्यू यांनी ती बेल्जियममध्ये दुर्बिणीतून बसवली.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते पुढचं. पट्टा नीट भरलेला असेल तर कडीच्या वर अन्न साठून राहत नाही. घास आला की अन्ननलिका तो दाबते, थोडा खाली उतरतो, उरलेला मागे येतो, पुन्हा दाब. दोन ते सहा दाबांत घास पार होतो. त्याला मिनिटभरही लागतं. दर दाबाला तिथल्या जठराच्या भिंतीवर ताण पडतो, तो जठरापासून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूंची टोकं टिपतात आणि मेंदूला कळवतात: पुरे. म्हणजे काकूंचं पोट भरलं नव्हतं, भूक शमली होती.

म्हणूनच घासावर घास घेतला की छातीत कळ येते, उलटी होते. उलट भाकरी दुधात कुस्करून पातळ काला केला, तर तो दाबाविनाच घसरतो आणि निरोप जातच नाही. आइस्क्रीम, लस्सीचं तेच. 'आपोआप वजन उतरेल' म्हणणारी जाहिरात चरबी वितळवणाऱ्या चूर्णाइतकीच खोटी आहे.

पहिलं सलाईन शस्त्रक्रियेनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, पुढे थोडंथोडं. खरी चूक इथे होते. पट्टा जास्त आवळला की घट्ट अन्न उतरत नाही, रात्री आंबट पाणी वर येतं, खोकला लागतो. माणूस मऊ-गोडाकडे वळतो आणि वजन वाढतं. मग पट्टा सैल आहे असं समजून आणखी भरतात! तिथे सलाईन काढायला हवं असतं.

थुंकीही गिळवेना, तर त्याच दिवशी पट्टा सैल करावा लागतो, तोही ह्युबर नावाच्या खास टोकाच्या सुईने. साधी सुई डबीच्या पडद्याचा तुकडा कापते आणि डबी गळू लागते. सैल करूनही पोटात दुखत राहिलं, तर पट्टा सरकला असू शकतो. शल्यचिकित्सकाकडे तातडीने न्यावं. आणि बरेच दिवस उलट्या होत असतील तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. आपल्याकडे अशा माणसाला आधी ग्लुकोजची बाटली लावतात, पण ग्लुकोज जाळायला बी-१ लागतं, ते नसेल तर मेंदूला इजा होते. बी-१चं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यायचं. पट्टा आहे हे डॉक्टरांना दारातच सांगा.