ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर हवंय? मंजुरीचा अर्ज असा करा

‘फुकट आहे, सगळे वापरतात’ एवढंच कारण लिहिलेलं तिकीट (आयटी विभागाकडे नोंदवलेली विनंती) बहुतेक वेळा प्रश्नांची यादी घेऊन परत येतं. सॉफ्टवेअर किती छान आहे याच्याशी सिक्युरिटी टीमला फारसं देणंघेणं नसतं. कंपनीचा कोणता डेटा त्यात जाणार आणि तिथून पुढे कुठे जाणार, हे त्यांना हवं असतं.

आधी कंपनीच्या सॉफ्टवेअर पोर्टलवरची मंजूर यादी बघा. फाइल झिप करणाऱ्या सेव्हन-झिपसारखी साधनं अनेकदा तिथे असतातच. यादीत नसेल तर सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे आयटीच्या मदत कक्षाकडे, रिक्वेस्ट टाका. कायम कर्मचाऱ्याला ती सहसा स्वतः टाकता येते. कंत्राटी कर्मचारी आणि ट्रेनींनी मॅनेजरमार्फत जावं. लॅपटॉप क्लायंटचा असेल तर मंजुरीही क्लायंटचीच लागते. क्लायंट बँक असेल तर जास्त वेळ धरा: रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, त्यामुळे बँका आपल्या व्हेंडरांनाही, म्हणजे तुमच्या कंपनीसारख्या सेवा पुरवणाऱ्यांनाही, खोदून विचारतात.

डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरला कागद कमी लागतात: नाव, नेमकं व्हर्जन, मूळ कंपनीच्या साइटची डाउनलोड लिंक, लायसन्सच्या अटी, किती जण वापरणार, आणि मॅनेजरचा होकाराचा मेल. पैसे लागणार असतील तर कोणत्या बजेटमधून, तेही लिहा. व्हर्जनचा आग्रह उगाच नसतो. झिप फाइल उघडणाऱ्या विनरारच्या ६.२३ आधीच्या आवृत्त्यांत अशी त्रुटी होती, की झिपमधली साधी दिसणारी फाइल उघडली तरी आत लपवलेला घातक कोड चालायचा. हल्लेखोरांनी २०२३ मध्ये ती वापरलीही.

लायसन्सच्या अटी मात्र खरंच वाचा. घरी फुकट म्हणजे ऑफिसात फुकट नव्हे. प्रोग्रॅमर वापरतात त्या डॉकर डेस्कटॉपने २०२१ मध्ये नियम बदलले. २५० किंवा जास्त कर्मचारी, अथवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला पैसे भरावे लागतात.

क्लाउडवरचं सॉफ्टवेअर असेल तर खरी कागदपत्रं सुरू होतात. व्हेंडरकडून, म्हणजे इथे सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीकडून, सॉक २ चा टाइप २ अहवाल मागवा. सॉक २ म्हणजे डेटा सुरक्षित ठेवण्याच्या व्यवस्थेचं बाहेरच्या ऑडिटरने केलेलं ऑडिट. टाइप १ एका ठरावीक तारखेची स्थिती सांगतो, टाइप २ काही महिने ती व्यवस्था प्रत्यक्ष चालली का ते तपासतो. माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ २७००१ प्रमाणपत्र मिळालं तर त्यात नेमकी कोणती सेवा येते ते पाहा. कधी कधी ते फक्त एका ऑफिसपुरतं असतं. अहवाल देण्याआधी व्हेंडर गोपनीयतेचा करार मागेल. त्यावर स्वतः सही करू नका, तो लीगलकडे पाठवा.

अर्ज सर्वांत जास्त अडकतो तो डेटाच्या रकान्यात. तिथे ‘सामान्य ऑफिस डेटा’ लिहिलं की फोन आलाच म्हणून समजा. त्याऐवजी असं लिहा: ‘टेस्टिंगचे स्क्रीनशॉट, त्यांत ग्राहकांची नावं व मोबाइल नंबर दिसतात, फाइल व्हेंडरच्या मुंबईतल्या सर्व्हरवर ९० दिवस राहते, सात जण वापरणार.’ ग्राहकांची माहिती आहे म्हटल्यावर नकार येईल, या भीतीने ती लपवणारे बरेच असतात. पण नावं-नंबर झाकून वापरा, असा मार्ग सुचवायलाही टीमला आधी ती माहिती दिसावी लागते. व्हेंडर तुमचा डेटा एआय शिकवायला वापरतो का, याचं उत्तरही जोडा. हल्ली सिक्युरिटी टीम ते हमखास विचारते.

ब्राउझरचं एक्स्टेन्शनही सॉफ्टवेअरच आहे. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी ते मागत असेल, तर अर्ज टाकल्याशिवाय हात लावू नका. ट्रायललाही सूट नाही, आणि त्यात ग्राहकांचा खरा डेटा टाकू नका. पेनड्राइव्हवरून पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारं) व्हर्जन चालवायची युक्ती सिक्युरिटीवाल्यांना केव्हाचीच माहीत आहे.

नकार आलाच तर कारण लेखी मागा आणि मंजूर यादीतला पर्याय विचारा. पर्यायच नसेल तर मुदतीचा अपवाद मागता येतो. त्यावर जोखीम स्वीकारल्याची विभागप्रमुखांची सही लागते. मंजुरी मिळाली तरी ती सहसा त्या व्हर्जनपुरती आणि त्या कामापुरती असते. मुदत कधी संपते ते तिकिटातच विचारून ठेवा.