रॉजर नीलसन : नियमपुस्तक कोळून प्यालेला प्रशिक्षक

नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेतील संघ आज प्रत्येक सामन्याची चित्रफीत तुकड्यातुकड्याने तपासतात. ही सवय आइस हॉकीत रुजवण्याचे मोठे श्रेय रॉजर नीलसन यांचे आहे. १९३४ साली टोरांटोत जन्मलेले नीलसन या लीगमध्ये खेळाडू म्हणून कधीच उतरले नाहीत. त्यांचा पेशा शिक्षकाचा होता, आणि त्यांची पुढची सारी कारकीर्द मला त्या पेशाचाच विस्तार वाटते.

१९६६ पासून दहा वर्षे त्यांनी ऑन्टारिओतील पीटरबरो पीट्स हा कुमारांचा संघ घडवला. याच काळात नियमपुस्तक ओळ न् ओळ वाचून त्यातल्या फटी शोधण्याबद्दल त्यांची ख्याती झाली. पेनल्टी शॉटच्या वेळी, म्हणजे एकट्या खेळाडूला केवळ गोलरक्षकासमोर गोल करण्याची संधी मिळते तेव्हा, गोलरक्षकाऐवजी ते बचावपटूला गोलजाळ्यासमोर उभा करीत आणि तो धावत पुढे जाऊन फटका मारणाऱ्याला वाटेतच गाठत असे. संघाचे दोन खेळाडू आधीच शिक्षेच्या बाकावर असले, तर आणखी शिक्षा झाली तरी बर्फावरची संख्या घटत नाही, हे ओळखून सामन्याच्या अखेरच्या क्षणांत ते मुद्दाम जादा खेळाडू पाठवत आणि खेळ पुनःपुन्हा थांबवत. अशा फटी बुजवण्यासाठी पुढे नियम बदलावे लागले. यात लबाडी पाहणारे तेव्हाही होते, परंतु लिहिलेल्या नियमाचा अर्थ प्रामाणिकपणे शेवटापर्यंत नेणे याला लबाडी म्हणणे मला पटत नाही.

१९७७ मध्ये टोरांटो मेपल लीफ्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले आणि तिथे चित्रफितींच्या वापरामुळे ‘कॅप्टन व्हिडिओ’ हे नाव त्यांना चिकटले. पुढे बफेलो आणि मग व्हँकुव्हर. १९८२ च्या वसंतात मुख्य प्रशिक्षक हॅरी नील यांच्यावर निलंबनाची कारवाई झाल्याने व्हँकुव्हर कनक्सची धुरा नीलसन यांच्याकडे आली. २९ एप्रिलला शिकागोतील सामन्यात पंचांच्या निर्णयांना विटून त्यांनी काठीवर पांढरा टॉवेल अडकवून शरणागतीचे निशाण म्हणून उंचावला. दंड झाला, तो सामनाही गेला. मात्र पुढच्या सामन्याला व्हँकुव्हरचे प्रेक्षक पांढरे टॉवेल फडकवत आले आणि संघाने ती मालिका जिंकली. अंतिम फेरीत न्यूयॉर्क आयलंडर्सने त्यांना चारही सामन्यांत हरवले. लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले कप नीलसन यांच्या हाती मुख्य प्रशिक्षक म्हणून कधीच आला नाही.

त्यानंतर लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क रेंजर्स, १९९३ साली नव्याने उभा राहिलेला फ्लोरिडा पँथर्स आणि फिलाडेल्फिया असा त्यांचा प्रवास झाला. फिलाडेल्फियात असताना, १९९९ मध्ये, त्यांना कर्करोगाचे निदान झाले. पुढे ऑटावात ते साहाय्यक होते. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचे ९९८ सामने भरले होते. तेव्हा एप्रिल २००२ मध्ये ऑटावाचे मुख्य प्रशिक्षक जॅक मार्टिन यांनी हंगामाच्या शेवटच्या दोन सामन्यांपुरते आपले पद त्यांना दिले आणि हजाराचा आकडा पूर्ण झाला. त्याच वर्षी हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. २१ जून २००३ रोजी पीटरबरो येथे त्यांचे निधन झाले.