कमळगडाचे धोंडे गोल कसे झाले?

मागच्या डिसेंबरात आम्ही वाईजवळच्या कमळगडला गेलो होतो, नांदगण्याकडनं चढायचं आणि वासोळ्याला उतरायचं असा प्लॅन, म्हणजे त्याच वाटेनं परत यायला नको, आणि खाली धोम धरणाचं पाणी दिसत राहतं त्यामुळे दमलं तरी बरं वाटतं. उतरताना एका जागी मात्र वाटच संपली, समोर नुसते धोंडे, काही घमेल्याएवढे तर काही बैलगाडीएवढे, हात टेकत बसत-सरकत उतरावं लागलं. भाचा म्हणाला, मामा इथं आधी नदी होती का, एवढे गोल दगड नदीतच असतात ना?

प्रश्न फार चांगला होता. नदी नव्हती. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, थंड होताना आकसला, आणि आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा त्याला भेगा पडून ठोकळे झाले. त्या भेगांत पावसाचं पाणी शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला ते एकाच अंगानं लागतं, कडेला दोन अंगांनी आणि कोपऱ्याला तीन, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा जागच्या जागीच गोल होतो. दगडातल्या खनिजांची हळूहळू माती होते, ती फुगते आणि वरचा थर सुटतो. एका धोंड्याला मी अंगठ्यानं दाबलं तर पेराएवढी जाड खपली हातात आली, तिच्याखाली दुसरी, अगदी कांद्यासारखं, आणि आत काळाभोर टणक गाभा. ह्या खपल्यांचा चुरा म्हणजेच आपण अंगणात, रस्त्याला टाकतो तो मुरूम.

उतरताना हे लक्षात ठेवाच. कोरड्या टणक दगडावर बुटाचा रबर मस्त धरतो, पण वर मुरमाचे खडे असले की ते छऱ्यासारखे फिरतात आणि पाय जातो. धोंड्यावर आधी काठी आपटायची, ठण्ण वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर खपली सुटलेली असते. आणि भीतीनं दगडाला पोट चिकटवू नका, त्यानं पाय उलट बाहेर ढकलले जातात. सरळ उभं राहिलं की वजन तळव्यातनं दगडावर दाबलं जातं आणि तेवढं घर्षण वाढतं. भाच्याला हे दोनदा सांगावं लागलं, मग तो माझ्याच पुढं गेला.

त्याआधी वर गडावर कावेची, म्हणजे गेरूची, विहीर बघितली होती. कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी खाली जायचं, जाईल तसा गारवा वाढतो आणि तळाशी भिंती लालभडक. सह्याद्रीत दोन लाव्हांच्या मध्ये असे लाल पट्टे जागोजाग दिसतात. एक थर थंड होऊन बराच काळ उघडा राहिला, त्याची माती झाली, त्यातलं लोखंड गंजून लाल झालं, आणि मग पुढचा लाव्हा वरून आला नि ती माती भाजून निघाली. भाच्यानं भिंतीला हात लावला होता, वासोळ्यात पोचून चहाचा कप धरला तेव्हाही त्याची बोटं लालच होती.