पाचही चाली तिच्याच

रविवारी दुपारी कोथरूडच्या घरी भाचीने बुद्धिबळाचा पट मांडला. वय दहा. सातव्या-आठव्या चालीलाच तिने वजीर माझ्या प्याद्यांच्या रांगेत आणून ठेवला आणि म्हणाली, "मामा, मी पाच चाली पुढचं बघितलंय." मी म्हटलं, "सांग बरं." तिने बोटाने दाखवत सांगितलं: आता वजीर इथे, मग उंट तिथे, मग घोडा, मग शह आणि मग मात. पाचही चाली तिच्याच होत्या. मधे मीही खेळणार होतो, ते त्या हिशेबात कुठेच नव्हतं. मी घोड्याने वजीर मारला. तिचे डोळे भरून आले.

डाव संपल्यावरही ही गोष्ट डोक्यातून जाईना. "पुढचा विचार करून खेळ" हे आपण पोरांना सतत सांगतो, आणि तिने तो केलाच होता. मग नेमकं चुकलं कुठे?

आधी आकडे बघू. पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० पर्याय असतात. काळ्याने उत्तर दिलं की ४०० शक्यता होतात. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की क्रमांची संख्या १,९७,२८१ वर जाते आणि पांढऱ्याची तिसरी चाल धरली की ४८ लाखांच्या पुढे. शक्यतांच्या या झाडाची प्रत्येक फांदी कुणीच चढू शकत नाही. १९९७ साली जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवणारा 'डीप ब्लू' संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा, तरी त्यालाही हे झाड पुरतं चढता आलं नसतं.

मग माणूस काय करतो? डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान डी ग्रूट यांनी हाच प्रश्न घेऊन खेळाडूंसमोर अनोळखी डाव मांडले आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. त्यांच्या खेळाडूंमध्ये अलेखाइन आणि यूवे यांच्यासारखे जगज्जेते होते, तसे क्लबात खेळणारेही. १९४६ साली निष्कर्ष आले. दिग्गज काही फार खोलवर बघत नव्हते, त्यांची खोली चांगल्या क्लब खेळाडूंच्या जवळपासच होती. फरक होता तो कुठे बघायचं याचा. ज्या दोन-तीन चालींचा विचार करण्यात अर्थ होता, त्यांच्यावरच त्यांची नजर आधी पडत होती.

हे इतकं गोड वाटतं की बरेच जण इथेच थांबतात आणि "खोली महत्त्वाची नाही" असं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या वेई जी मा यांच्या गटाने ३६ घरांच्या पटावर चार सोंगट्या एका ओळीत आणण्याचा सोपा खेळ लोकांना खेळायला दिला आणि त्यांच्या चालींवरून ते किती पुढचं बघत असावेत याचं गणिती प्रारूप बांधलं. २०२३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सरावाबरोबर खोली वाढताना स्पष्ट दिसली. म्हणजे नजर आणि खोली, दोन्ही सरावाने येतात.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते २०१२ च्या एका प्रयोगाने. क्वेंटिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही पावलांचा मार्ग आखायला दिला. प्रत्येक पावलाला थोडा फायदा नाहीतर तोटा. एखाद्या वाटेवर सुरुवातीलाच मोठा तोटा दिसला, की लोक त्या वाटेचा पुढचा विचारच सोडून देत. तोट्यापलीकडे त्याहून मोठा लाभ असला तरीही. डोकं ती फांदी आपोआप छाटतं, आणि एरवी हे सोयीचंच असतं, नाहीतर विचार संपायचेच नाहीत. पण बुद्धिबळात हत्ती देऊन मात करण्याची संधी हुकते ती इथेच. ती चाल अवघड असते म्हणून नव्हे, तर हत्ती गेला म्हटल्यावर मन पुढे जातच नाही. भाचीच्या बाबतीत उलटं झालं होतं: आपली मात दिसली आणि मधली माझी सगळी उत्तरं छाटली गेली. भीती फांदी तोडते तशी इच्छाही तोडते, असं मला वाटतं.

बरं, किती पुढचं बघायचं हे खेळही ठरवतो. आमच्या आजीचा सारीपाट अजून ट्रंकेत आहे. ती कधी पाच दानं पुढचं बोलायची नाही. सोंगट्या अशा ठेवायची की कुठलंही दान पडलं तरी काहीतरी बरं खेळता यावं. फासे टाकून सोंगट्या हलवण्याच्या बॅकगॅमन या खेळातही हेच. दोन फाशांची २१ वेगळी दानं, प्रत्येक दानाला साधारण वीस तऱ्हांनी खेळता येतं. म्हणून खोलवर आखणीत फार काही हाती लागत नाही. आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी १९९२ च्या सुमारास बनवलेला बॅकगॅमनचा संगणक-प्रोग्रॅम स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला आणि जेमतेम दोन-तीन पावलं पुढे बघून जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या तोडीला पोचला. त्याची ताकद होती समोरची मांडणी किती चांगली आहे हे ओळखण्यात.

टॅबवरच्या साम्राज्य उभारण्याच्या खेळांत नकाशाच अंधारात असतो. तिथे पहिल्या पंधरा खेळींची पक्की आखणी करण्यापेक्षा टेहळणीला माणूस पाठवलेला बरा.

चहा झाल्यावर आम्ही दुसरा डाव मांडला. या वेळी मी तिला एकच विचारलं, "तू हे खेळलीस, तर मला सगळ्यात छान काय करता येईल?" ती थोडा वेळ बसल्या जागी विचार करत राहिली. मग उठली, पट ओलांडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि माझ्या बाजूने मोहरे बघू लागली. बराच वेळ. परत जागेवर गेली तेव्हा वजिराकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि राजासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. मी ज्या घरात घोडा आणायच्या विचारात होतो, नेमकं तेच घर आता बंद झालं होतं.