रंगाऱ्याचा हात आणि प्रमाणपत्राचा कागद : सजावटी रंगकामाच्या दाखल्याची पार्श्वभूमी

घर रंगवायला आलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र मागायची रीत आपल्याकडे नव्हती. उस्तादाच्या हाताखाली खरवडणं, घासणं, बादल्या धुणं अशी काही वर्षं गेली की पोराच्या हाती ब्रश यायचा. मुकादमाचा शब्द हाच दाखला.

चुन्याच्या काळात ते पुरतही होतं. कळीचा चुना जागेवर विरवायचा, किलोला साधारण ५ लिटर पाणी, २४ तास मुरू द्यायचं, जाड फडक्यातून गाळायचं आणि १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. पांढरेपणा उठून दिसावा म्हणून किंचित नीळ. डिंक कमी पडला तर भिंतीला टेकताच सदऱ्याला पांढरं लागतं. ही विद्या बघून-बघून येत होती, आणि चूक झाली तरी पुढच्या दिवाळीला पुन्हा कुंची फिरायचीच.

डिस्टेंपर आणि मग इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग, घरोघरी आलं तसं गणित बदललं. भुसभुशीत चुन्याच्या थरावर इमल्शन मारलं की ते चुन्यालाच धरतं, भिंतीला नाही. वर्षभरात पोपडे निघतात. नवा गिलावा महिनाभर तरी सुकला नसेल तर आतली ओल आणि क्षार बाहेर येतात, रंगावर डाग पडतात. साहित्य बदललं, डब्यावरच्या सूचना आल्या. पण त्या वाचून काम करायला हाताखाली शिकलेल्याला कोणी शिकवलं नव्हतं.

सरकारी कागद तसा जुना आहे. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ ची. आयटीआयमधला ‘पेंटर जनरल’ हा दोन वर्षांचा ट्रेड त्याच परंपरेतला, पण त्यात भिंतीबरोबर फर्निचर, वाहनं, पाट्यांची अक्षरं असं बरंच काही येतं. आणि रोजंदारीवर पोट असलेला, आधीच हात बसलेला माणूस दोन वर्षं वर्गात बसणार कसा? हा ट्रेड वाईट नव्हे, तो नवशिक्या मुलांसाठी आहे एवढंच.

वाट निघाली ती २०१३ नंतर. त्या वर्षी २७ डिसेंबरला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. किती वर्षं शिकलात यापेक्षा काय करता येतं, यावर पातळी ठरवायची हे त्याचं सूत्र. रंग उद्योगाच्या पुढाकाराने ‘पेंट्स अँड कोटिंग्ज स्किल कौन्सिल’ उभी राहिली आणि सजावटी रंगकामाची, म्हणजे घरं-इमारती रंगवण्याची, कामं तुकड्यातुकड्यांत लिहून काढली गेली : पृष्ठभाग तयार करणं, साहित्य मोजणं, रंग लावणं, सुरक्षितता, ग्राहकाशी बोलणं. जुलै २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, आणि ‘पूर्वज्ञान मान्यता’ म्हणजे आरपीएल या वाटेने जुन्या कारागिराला थोडक्या उजळणीनंतर थेट परीक्षेला बसता येऊ लागलं. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा यातला मोलाचा नियम.

परीक्षेत लेखी किंवा तोंडी प्रश्न असतात आणि प्रात्यक्षिक असतं. मुरलेले पेंटर अडतात ते बहुधा रंगात नाही, त्याच्या आधीच्या कामात. पुट्टीचंच, म्हणजे भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपाचंच बघा. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी कोऱ्या गिलाव्यावर, भिंत ओली करून लावायची. खाली प्रायमर, म्हणजे पकड देणारा पहिला थर, नको, कारण सिमेंटला धरायला गिलावा आणि पाणी लागतं. ॲक्रिलिक पुट्टीला मात्र आधी प्रायमर हवा. कामावर दोन्ही सर्रास एकाच पद्धतीने ओढल्या जातात. एका हातात, म्हणजे एका वेळी, साधारण दीड मिलिमीटरपेक्षा जाड थर दिला की सुकताना भेगा पडतात. घासून झाल्यावर धूळ न झटकता प्रायमर मारला तर तो धुळीवरच बसतो.

दुसरी अडचण हिशेबाची. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली : घेर ४४, भिंती ४४० चौरस फूट. ७ बाय ३ चं दार आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा केली की ४०३. दोन हातांना, म्हणजे दोन थरांना मिळून, लिटरमागे ६५ चौरस फूट धरले तर सव्वासहा लिटर. अनुभवी माणूस हा आकडा नजरेने सांगतो. कागदावर मांडायला सांगितलं की गडबडतो.

सुरक्षिततेचा भाग वरवरचा समजू नये. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९०, ही १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइलपेंट, विशेषतः पिवळा, कोरडा घासला तर शिशाची धूळ थेट छातीत जाते. मास्क लावावा, पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा.

२०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या व तपासणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचं काम तिच्याकडे गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडी आहे, सुतार आहे, रंगारी नाही. ही वगळणूक खटकते. त्यामुळे त्याला आरपीएलचीच वाट धरावी लागते.

नोंदणीच्या वेळी आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः जुळतंय का, हे आधी बघावं. आणि बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो तो वेगळाच. कौशल्याचं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही.