वुल्फ, टोबायस

(१९ जून १९४५– ). अमेरिकन कथाकार, आत्मचरित्रकार आणि लेखनाचे अध्यापक. जन्म अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचा. चार वर्षांची लष्करी नोकरी, त्यातले एक वर्ष व्हिएतनाममध्ये आणि पुढची काही दशके विद्यापीठातल्या लेखनवर्गात, असा त्यांच्या आयुष्याचा ढोबळ आराखडा आहे. त्यांच्या लेखनाचे मूळ मात्र त्याही आधीचे, पोरवयातल्या थापांमध्ये सापडते.

आईवडील विभक्त झाल्यावर थोरला भाऊ जेफ्री (तोही पुढे लेखक झाला) वडिलांकडे राहिला आणि टोबायस आईबरोबर. १९५५ मध्ये युरेनियम सापडून नशीब पालटेल या आशेने मायलेक फ्लोरिडाहून मोटारीने यूटाला निघाले. ते काही जमले नाही. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगराळ भागात सावत्र वडिलांच्या जाचात त्यांचे किशोरवय गेले. तिथून सुटण्यासाठी या मुलाने शिक्षकांच्या नावाने स्वतःच शिफारसपत्रे लिहिली, गुणपत्रकही बनावट केले आणि पेनसिल्व्हेनियातील ‘हिल स्कूल’ या प्रतिष्ठित निवासी शाळेत प्रवेश मिळवला. ती पत्रे लिहिताना आपण खोटे बोलतो आहोत असे त्याला वाटतच नव्हते. आपण मुळात असेच आहोत, फक्त ते कुणाला दिसलेले नाही, अशी त्याची समजूत होती. वुल्फ यांची पहिली कथा हीच, असे म्हणायला हरकत नाही. अभ्यास मात्र झेपला नाही आणि शाळेतून काढून टाकण्यात आले.

१९६४ मध्ये ते सैन्यात भरती झाले. आपल्याला आवडणारे बरेच लेखक सैनिक होते, तेव्हा लेखक व्हायचे तर सैन्यात जायला हवे, असाही एक तर्क त्यामागे होता. छत्रीसैनिकाचे प्रशिक्षण घेऊन ते ‘स्पेशल फोर्सेस’मध्ये गेले. तोफखान्याच्या अधिकारी-प्रशिक्षणात ते वर्गात तळाला होते. तरी टिकले, कारण निरोपसमारंभाचे विडंबननाट्य लिहिणारा दुसरा कोणी नव्हता, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. वर्षभर व्हिएतनामी भाषा शिकवून त्यांना मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील मी थो शहराजवळ, दक्षिण व्हिएतनामी तोफखान्याच्या बटालियनचे सल्लागार म्हणून पाठवले गेले. जानेवारी १९६८ अखेर टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी केलेल्या आक्रमणात शत्रू शहरात घुसला आणि त्याला हुसकण्यासाठी त्याच शहरावर तोफा डागल्या गेल्या. ज्यांचे रक्षण करायला आलो त्यांचीच घरे आपण पाडली, ही बोच त्यांच्या युद्धलेखनात खोलवर आहे.

सैन्य सोडल्यावर ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड कॉलेजात त्यांनी इंग्रजीची पदवी घेतली (१९७२). काही महिने ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये वार्ताहरकी केली आणि १९७५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची स्टेग्नर लेखनवृत्ती मिळवली. त्याच वर्षी ‘अग्ली रूमर्स’ ही व्हिएतनामच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी इंग्लंडात निघाली. आपल्या पुस्तकांच्या यादीत वुल्फ तिला जागा देत नाहीत. युद्ध त्यांना नीट लिहिता आले ते ‘इन फेरोज आर्मी’ (१९९४) या आठवणींत, परतल्यावर सव्वीस वर्षांनी. त्यात शौर्यगाथा नाही. सणाच्या दिवशीचा खास कार्यक्रम पाहायला रंगीत टीव्ही मिळवण्याची खटपट आहे, भीती आहे आणि स्वतःच्या क्षुद्रपणाची निर्मम झाडाझडती आहे. शांतपणे, जवळजवळ विनोदाने सांगितल्यामुळेच ती अधिक झोंबते.

मधल्या काळात ‘द बॅरॅक्स थीफ’ (१९८४) या लघुकादंबरीला पेन/फॉकनर हा अमेरिकन कथासाहित्याचा पुरस्कार मिळाला. व्हिएतनामला जाण्याची वाट पाहणारे तीन जवान आणि बराकीतल्या चोऱ्या, एवढाच तिचा ऐवज. ‘धिस बॉइज लाइफ’ (१९८९) या बालपणीच्या आठवणींवर १९९३ मध्ये चित्रपट निघाला आणि नाव घरोघरी पोचले. तरी त्यांची खरी सिद्धी लघुकथेतच आहे.

१९८० ते १९९७ ते सिरॅक्यूस विद्यापीठात शिकवत होते. अमेरिकन लघुकथाकार रेमंड कार्व्हर तिथले सहकारी आणि स्नेही. पुढे कथाकार म्हणून नावाजलेले जॉर्ज सॉन्डर्स हे त्यांचे तिथले विद्यार्थी. १९८६ मध्ये प्रवेश मिळाल्याचे वुल्फ यांनी त्यांना स्वतः फोन करून कळवले होते. सॉन्डर्स यांच्या आठवणीत ठळक आहे ते वुल्फ यांनी केलेले रशियन कथाकार चेखवचे वाचन: कथा मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि त्यांतला विनोद, माया ऐकणाऱ्याला आपोआप जाणवू द्यायची. तंत्राच्या व्याख्यानांपेक्षा हे अधिक काम करून गेले असावे. १९८८ मध्ये वुल्फ यांनी चेखवच्या कथांचा एक संग्रहही संपादित केला. १९९७ पासून ते स्टॅनफर्डला गेले. २०१५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये त्यांना राष्ट्रीय कलापदक देण्यात आले.

‘ओल्ड स्कूल’ (२००३) ही कादंबरी निवासी शाळेत घडते. हेमिंग्वेच्या भेटीचे बक्षीस असलेल्या कथास्पर्धेत नायक दुसऱ्या शाळेतल्या मुलीची कथा जवळजवळ जशीच्या तशी उतरवून स्वतःच्या नावाने देतो. उतरवताना त्याला ती स्वतःचीच वाटत असते. तो जिंकतो, पकडला जातो आणि शाळेतून काढला जातो.