त्रुटिनिर्देश, वेब फॉर्ममधील

वेब फॉर्म भरून पाठविल्यावर पडताळणीत एखादा रकाना रिकामा किंवा चुकीचा आढळला, तर भरणाऱ्याला त्या नेमक्या रकान्यापर्यंत नेऊन तेथे काय दुरुस्त करायचे ते सांगण्याची पद्धत. फॉर्म अडविणे हे पडताळणीचे काम आणि अडलेल्याला वाट दाखविणे हे त्रुटिनिर्देशाचे. पाठविण्याचे बटण तळाशी आणि चुकलेला रकाना पडद्याबाहेर वर असेल, तर निर्देशाअभावी बटण बिघडले आहे असाच भरणाऱ्याचा समज होतो.

उगम : वेबपुरते पाहिल्यास या पद्धतीचा आरंभ १९९६ च्या सुमारास, म्हणजे नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरमधून जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंग भाषा आली तेव्हापासून धरता येतो. तत्पूर्वी तपासणी सर्व्हरवरच होई. आता ब्राउझरमध्येच तपासून सूचनेची चौकट दाखविणे व कर्सर चुकलेल्या रकान्यात ठेवणे शक्य झाले. तथापि मूळ कल्पना याहून जुनी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आयबीएमने १९७० च्या दशकाच्या आरंभी आणलेल्या ३२७० टर्मिनलांवर (मध्यवर्ती संगणकाला जोडलेले पडदा व कळफलक) पूर्ण पडदा भरून तो एकदम मध्यवर्ती संगणकाकडे पाठविला जाई. हा व्यवहार वेब फॉर्मसारखाच होता. सीआयसीएस या आयबीएमच्या व्यवहार हाताळणाऱ्या प्रणालीत प्रोग्रामर चुकलेल्या रकान्याच्या लांबीच्या चलात उणे १ हे मूल्य ठेवून पडदा परत पाठवी, त्यामुळे कर्सर त्या रकान्यात येऊन थांबे; अनेक रकान्यांना उणे १ दिलेले असल्यास त्यांतील पहिला निवडला जाई. चुकलेला रकाना अधिक ठळक उजळविण्याचीही सोय होती. ‘पहिल्या चुकलेल्या रकान्यावर फोकस’ (म्हणजे कळफलकावरील टंकन त्याच रकान्यात उमटेल अशी स्थिती) हा आजचा प्रघात येथे जवळजवळ पूर्ण रूपात दिसतो.

मानकीकरण : वेब फॉर्म्स २.० या प्रस्तावातील पडताळणीच्या सोयी २००६ मधील ऑपेरा ९ मध्ये अंशतः आल्या व पुढे एचटीएमएल ५ या वेबपानांच्या भाषेच्या आवृत्तीत समाविष्ट झाल्या. एचटीएमएल ५ ला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरविणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून २०१४ मध्ये मान्यता मिळाली. मानकानुसार पडताळणी फसल्यास प्रत्येक चुकलेल्या रकान्यावर ‘इनव्हॅलिड’ ही घटना (स्क्रिप्टला मिळणारा संकेत) घडते, आणि पानाच्या स्वतःच्या स्क्रिप्टने ती हाताळली नसेल तर ब्राउझरने किमान एका रकान्यातील अडचण वापरकर्त्याला कळवावी लागते. फोकस हलविणे व पान सरकविणे मात्र ब्राउझरच्या मर्जीवर सोडलेले आहे. प्रत्यक्षात प्रमुख ब्राउझर पहिल्या चुकलेल्या रकान्यावर फोकस नेऊन छोटा फुगा दाखवितात. सफारीत ही सोय २०१७ मधील १०.१ या आवृत्तीपासून आली; तोपर्यंत तेथे चुकीचा फॉर्मही तसाच पाठविला जाई.

या यंत्रणेतील एक दोष विशेष त्रासदायक आहे. आवश्यक म्हणून नोंदलेला रकाना मिटलेल्या टॅबमध्ये दडलेला असेल, तर त्याची तपासणी होते पण त्यावर फोकस नेता येत नाही. क्रोम अशा वेळी फॉर्म अडवितो आणि ‘रकाना फोकसयोग्य नाही’ अशा अर्थाचा संदेश केवळ विकासकांच्या कन्सोलमध्ये लिहितो. भरणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून दडलेल्या रकान्याची अट काढणे किंवा ‘इनव्हॅलिड’ घटना घडताच तो टॅब उघडणे हे फॉर्म रचणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

मतभेद : फोकस थेट पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्यावा की पानाच्या माथ्यावर सर्व चुकांचा गोषवारा देऊन त्यावर न्यावा, याविषयी एकमत नाही. ब्रिटिश सरकारच्या गव्ह.यूके डिझाइन सिस्टिमने दुसरा मार्ग पत्करला आहे. तेथे ब्राउझरची अंगभूत पडताळणी बंद ठेवण्याचा सल्ला असून गोषवाऱ्यातील प्रत्येक ओळ संबंधित रकान्याची लिंक असते आणि पानाच्या शीर्षकाआधी चूक झाल्याचा शब्द जोडला जातो. लिंकवर नुसती उडी मारल्यास रकाना पडद्याच्या वरच्या कडेला येतो व त्याच्या वरचे लेबल दृष्टीआड जाते. म्हणून तेथील स्क्रिप्ट आधी लेबल किंवा गटाचे शीर्षक दृष्टीत आणते आणि मग रकान्यावर फोकस देते. रेडिओ बटणांच्या गटात लिंक पहिल्या बटणाकडे, तर तारखेच्या तीन रकान्यांत चुकलेल्या भागाकडे जाते. दोन-चार रकान्यांच्या फॉर्मला थेट फोकस पुरेसा आहे. लांब फॉर्मात मात्र एकूण किती चुका आहेत हे आधीच कळणे महत्त्वाचे असल्याने गोषवाऱ्याची बाजू अधिक बळकट दिसते.

सुगम्यता : डब्ल्यूसीएजी या, अपंगांनाही वेब वापरता यावे यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.० (२००८) आवृत्तीतील ३.३.१ या निकषानुसार चुकलेला घटक ओळखता यावा व चूक मजकुरात सांगितलेली असावी. केवळ लाल किनार पुरत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी रकान्यावर ‘एरिया-इनव्हॅलिड’ हा गुणधर्म लावून चुकीचा संदेश ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ने जोडतात. त्यासाठीच २०१७ मध्ये आलेल्या ‘एरिया-एररमेसेज’ला असमान पाठबळ मिळाल्याने जुनीच पद्धत पसंत केली जाते. डब्ल्यूसीएजी २.२ (२०२३) मध्ये फोकस असलेला घटक चिकटून राहणाऱ्या शीर्षपट्टीखाली पूर्णपणे झाकला जाऊ नये अशी अट आली. पानाची मांडणी ठरविणाऱ्या सीएसएसमधील ‘स्क्रोल-पॅडिंग’ने ती पाळता येते.

मराठी फॉर्म : ब्राउझरचा फुगा पानाच्या नव्हे, तर ब्राउझरच्या भाषेत बोलतो, त्यामुळे मराठी फॉर्मवर इंग्रजी संदेश उमटतो. जावास्क्रिप्टमधील ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ने मराठी संदेश देता येतो, परंतु दुरुस्तीनंतर तो रिकामा न केल्यास बरोबर भरलेला रकानाही अवैधच राहतो. अंकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जावास्क्रिप्टच्या मजकूर जुळविण्याच्या नमुन्यांतील अंकदर्शक चिन्ह केवळ इंग्रजी अंक ओळखते, म्हणून पिनकोडच्या रकान्यात ४११०३० असे देवनागरीत लिहिल्यास तो नाकारला जातो. फोकस अचूक रकान्यावर गेला तरी ‘पिनकोड चुकीचा आहे’ या संदेशाने भरणारा गोंधळतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोरचा पिनकोड बरोबरच असतो. अशा ठिकाणी देवनागरी अंक स्वीकारून स्क्रिप्टनेच ते बदलून घेणे सर्वांत चांगले. ते शक्य नसल्यास ‘पिनकोड इंग्रजी अंकांत लिहा’ असे स्पष्ट सांगावे.